आधारपेशी, सहायक पेशी की सहपेशी?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: 'यकृताच्या पुनर्वाढीवर मराठीत लेख लिहिते आहे. सपोर्टिंग सेल्सना, म्हणजे मुख्य यकृतपेशींच्या सोबतीने असणाऱ्या इतर पेशींना, आधारपेशी म्हणू की सहायक पेशी?'

माझ्या मते 'सहपेशी' म्हण.

तू गुजराती माध्यमात शिकलीस, म्हणून आधी तिथली अडचण सांगतो. गुजरातीत 'कोष' म्हणजे आपली पेशी आणि 'पेशी' म्हणजे आपली ऊती. तुझ्या वर्गमैत्रिणी 'आधारपेशी' वाचून ऊतीच समजतील. पहिल्या परिच्छेदातच हा फरक सांगून टाक.

'आधार' आणखी एका कारणाने नडतो. ऊती अभियांत्रिकीत, म्हणजे प्रयोगशाळेत ऊती घडवण्याच्या शास्त्रात, पेशी ज्या सच्छिद्र सांगाड्यावर वाढवतात, त्यालाही आपण आधारच म्हणतो. दोन्ही शब्द एका वाक्यात आले की घोळ होणारच.

'सहायक' मात्र मला अजिबात पटत नाही. का, ते यकृताच्या वाढीतूनच बघ. हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी १९३१ मध्ये उंदरांच्या यकृताचा सुमारे दोन तृतीयांश भाग काढण्याची पद्धत मांडली. आठवडा-दहा दिवसांत वजन जवळजवळ भरून येतं. काढलेले खंड पुन्हा फुटत नाहीत, उरलेले वाढतात. म्हणून तुझा 'पुनर्वाढ' शब्द छानच. ही वाढ यकृतपेशी आपल्या आपण सुरू करत नाहीत. कुप्फर पेशी (यकृतातल्या भक्षकपेशी) इंटरल्यूकिन-६ हे इशारा देणारं प्रथिन सोडतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी आणि ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या तारकापेशी वाढीचे घटक पुरवतात, आणि 'आता पुरे' हा इशाराही बराचसा यांच्याकडूनच येतो. इजा वर्षानुवर्षं चालू राहिली, तर त्याच तारकापेशी कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन साचवत यकृत निबर करून टाकतात. ज्यांच्या हाती सुरुवात, शेवट आणि बिघाडही आहे, त्यांना मदतनीस कसं म्हणायचं?

प्रयोगशाळेतही तेच दिसतं. नुसत्या यकृतपेशी बशीत वाढवल्या तर काही दिवसांतच आपलं काम विसरतात. २०१३ मध्ये जपानमध्ये ताकेबे यांच्या गटाने मूलपेशींपासून घडवलेल्या यकृताच्या पूर्वपेशींसोबत नाळेच्या रक्तवाहिनीतल्या आणि मेसेन्कायमल (संयोजी ऊती घडवणाऱ्या) पेशी ठेवल्या, तेव्हा या सगळ्या पेशींनी मिळून आपणहून यकृताचा अंकुर बांधला. उंदरात रोपल्यावर त्याच्या रक्तवाहिन्या ४८ तासांत उंदराच्या वाहिन्यांना जुळल्या. सहकारी, सहाध्यायी यांतला 'सह' बरोबरीचं नातं सांगतो. इथे तोच हवा.

शक्य तिथे मात्र प्रत्येक पेशीचं नावच लिही. त्यातही जपून: कुप्फर या शास्त्रज्ञांनी १८७६ मध्ये ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या पेशींचं, म्हणजे तारकापेशींचं, वर्णन केलं, पण पुढे कुप्फर यांचं नाव चिकटलं ते यकृतातल्या भक्षकपेशींना. जुन्या पुस्तकांत या दोन्हींची सरमिसळ सापडते, तेव्हा तिथून उतरवून घेताना कोणती पेशी अभिप्रेत आहे ते तिच्या कामावरून ताडून बघ.