पणजीतला अर्धा तास, तिघांच्या खिशातून

प्रिय गायिके,

सेरेंडिपिटी या कला महोत्सवाच्या आठवड्यात पणजीत एका छोट्या मंचावर अर्ध्या तासाचा स्लॉट मिळाला, मानधन नाही, प्रवास आणि राहणं आपलं आपण, असं तू कळवलंस. जावं की नाही हे तू विचारलेलं नाहीस, त्यामुळे त्यात पडत नाही. तू गिटार आणि गाणं, एक जण पेटीवर, एक जण तालाला, एवढे तिघं ठाण्याहून निघणार आहात असं धरून लिहितो.

आधी खर्च. तुम्ही तीन रात्री धरल्या आहेत, त्यातली एक कापा. कोकणकन्येने आदल्या दिवशी सकाळी पोचा, दुसऱ्या दिवशी रात्री वाजवा, तिसऱ्या दिवशी परत या. वाजवायच्या दिवशीच पोचायचा मोह मात्र नको. कोकण रेल्वेवर गाडी दोन-तीन तास लेट होणं ही काही बातमी नाही. स्लीपरचं तिकीट एका बाजूचं पाचशेच्या आत बसतं, म्हणजे सहा तिकिटांचे तीन हजार धरा. डॉर्ममधला पलंग रात्रीचा सातशे धरला तर दोन रात्रींचे 4,200. जेवणखाण माणशी रोज 400 प्रमाणे तीन दिवसांचे 3,600. तिथल्या फिरण्याचे 1,500, तारा-बॅटऱ्या-टेपचे 1,500 आणि हात न लावायचे 2,000. बेरीज 15,800. हे आकडे ढोबळ आहेत, पण कागदावर मांडले की कशाला कात्री लावता येईल ते दिसतं.

तिकिटं आजच बघ. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, आणि डिसेंबरातल्या शुक्रवार-शनिवारच्या गाड्या उघडल्या उघडल्या भरतात. उतरायचं करमळीला, मडगावला नाही. करमळीहून पणजी दहा-बारा किलोमीटर, मडगावहून तीसच्या वर. स्लीपरला माणशी 40 किलो सामान फुकट नेता येतं, तुमचं तिघांचं त्याच्या निम्मंही होणार नाही. गिटार वरच्या बर्थवर, तुझ्या पायाशी. खालच्या बाकाखाली ठेवलीस तर रात्रीतून कुणाची तरी ट्रंक तिच्यावर सरकणार.

राहायला म्हापशात स्वस्त मिळतं म्हणून जाऊ नका. गोव्यात रात्री आठ-नऊनंतर बसगाड्या विरळ होतात, आणि तिथल्या टॅक्सीचा भाव ऐकला की आपले रिक्षावाले देवमाणूस वाटायला लागतात. खोलीत वाचवलेले पाचशे एका रात्रीत टॅक्सीत जातात. पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, स्वस्त पडते, पण तिच्यावर पेटी घेऊन बसता येत नाही. मंचापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत जागा शोधा. पणजीत परवडत नसेल तर मांडवीपलीकडे बेतीला बघा. फेरीबोट पायी जाणाऱ्यांना फुकट आहे. शेवटची फेरी किती वाजता सुटते, ते मात्र पोचल्या दिवशीच धक्क्यावर विचारून ठेवा.

मानधन नाही म्हणजे काहीच मागायचं नाही, असं नसतं. आयोजकांना एकच मेल लिही आणि त्यात या गोष्टी माग: वाजवायच्या दिवशी तिघांचं जेवण, वाद्यं ठेवायला कुलपाची जागा, कार्यक्रमाचं चित्रीकरण होणार असेल तर त्याची प्रत, आणि ध्वनिव्यवस्था बघणाऱ्या माणसाचा नंबर. पैसे देता न येणारे आयोजक हे सहसा देतात, पण मागितलं तरच. शिवाय त्याच आठवड्यात पणजीतल्या एखाद्या कॅफेत दुसरा कार्यक्रम मिळतो का ते आत्ताच शोधायला लाग. तिथे पाच हजार जरी मिळाले तरी खड्डा माणशी 3,600 वर येतो. ठरलेली रक्कम, वेळ आणि स्पीकर कोणाचे, हे व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून घे. रस्त्यावर किंवा नदीकाठी आपापलं उभं राहून वाजवायचं डोक्यात असेल तर आयोजकांना किंवा महापालिकेला विचारल्याशिवाय नको. पोलिसांनी उठवलं की गर्दी तर पांगतेच, वर मूडही जातो.

आता वाद्यं. काहोन (ज्यावर बसून वाजवतात तो लाकडी खोका) न्यायचं की ढोलकी, यावर तुमचं अडलं आहे. मी ढोलकीच्या बाजूने. गिटार आणि काहोन घेऊन आलेले पाच संच तुम्हाला त्या आठवड्यात तिथेच भेटतील. या महोत्सवात श्रोता बसलेला नसतो, जुन्या जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) इमारतीतून कला अकादमीकडे चाललेला असतो. त्याचे पाय ढोलकीच्या थापेला थांबतील. पण तिची किंमत मोजावी लागते. तिला दोन्ही बाजूंना मिळून दोन माइक लागतात, आणि नदीकाठी सूर्य मावळला की हवेतला दमटपणा वाढून कातडं सैल पडतं, स्वर उतरतो. दुपारी खोलीत लावलेली ढोलकी रात्री कामाची नाही. ती कव्हरमध्ये ठेवा, मंचावर जाण्याआधी दहा मिनिटं उघड्यावर काढा आणि तिथल्या हवेतच स्वरात आणा. नटबोल्टची असेल तर पाना पिशवीत नाही, खिशात. हॅलोजनसमोर धरून तापवली की स्वर चढतो खरा, पण मंचावर गेल्यावर पाचच मिनिटांत परत उतरतो, आणि फार जवळ धरली तर कातडं फाटतं.

पेटीचं वेगळंच. तिचे सूर जागेवर हलवता येत नाहीत, म्हणून बाकीच्यांनी तिच्याकडे जायचं. जुनी पेटी 440 वर, म्हणजे गिटार ज्या प्रमाण स्वरावर लावतात त्यावर, असेलच असं नाही. फोनवरचं ट्यूनर उघड, पेटीवाल्याला भाता एकसारखा ठेवून पांढरी सहा (म्हणजे ए) दाबायला सांग आणि आकडा बघ. 444 आला तर ट्यूनरमधला पायाभूत आकडा 440 वरून 444 कर आणि त्यावर गिटार लाव. हे न करता दोघं एकत्र वाजलात तर ऐकणाऱ्याला काय बिनसलंय ते सांगता येणार नाही, पण तो पुढे निघून जाईल. तू काळी पाचमध्ये गातेस, म्हणजे कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या पट्टीवर आणि हाताचे आकार ए-चे. कॅपो लावल्यावर तारा किंचित चढतात, म्हणून तो लावून झाल्यावर पुन्हा एकदा ट्यूनर बघायचा. नव्या तारा निघायच्या दोन दिवस आधी चढव आणि त्या दोन दिवसांत भरपूर वाजव. ताज्या तारा ताणल्या जातात, दर गाण्याला उतरतात.

तुझ्या गिटारचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलणारा भाग, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. त्याला वेगळं बटण नाही, जॅक आत गेला की तो चालू होतो. म्हणजे ध्वनिचाचणी झाल्यावर जॅक तसाच लावून तुम्ही चहाला गेलात तर बॅटरी तेवढा वेळ जळत राहते. संपत आली की आवाज एकदम बंद पडत नाही, आधी फाटल्यासारखा, खरखरीत यायला लागतो, आणि दोष साउंडवाल्याच्या माथी जातो. नवी बॅटरी घालून निघा, एक जादा ठेवा, वाजवून झालं की जॅक उपटा.

पैसे एकाच वस्तूवर घालायचे असतील तर पेडलवर नको, डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल लांबवर स्वच्छ पाठवणारी डबी) आणि दोन चांगल्या केबल घे. छोट्या मंचावर डीआय नसला तर लांब जॅकची केबल थेट मिक्सरपर्यंत ओढतात. तिच्यात घोंघाट शिरतो आणि गिटारचा वरचा खुलेपणा हरवतो. केबल सहा मीटरपर्यंतच घे. बरोबर आणखी काय: सहा अँपिअरच्या प्लगचा चार खाचांचा एक्स्टेंशन बोर्ड, सहाचा प्लग सोळाच्या खाचेत बसवणारा कन्व्हर्टर, कापडी टेप, कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून कपड्यांचे चिमटे, तारांचा जादा संच आणि तीस-चाळीस रुपयांचा लाइन टेस्टर.

टेस्टर कशाला, ते नीट वाच, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. तात्पुरत्या मंचावर जनरेटर असतो, अर्थिंग कधी असतं, कधी नुसती तिसरी पिन असते. तुमचा गिटार अँप एका बोर्डावर आणि स्पीकर-मिक्सर दुसऱ्या फेजवर असला, आणि त्यातल्या एकाचं अर्थिंग तुटलेलं असलं, तर तारांवर हात आणि ओठ माइकच्या जाळीला, असं विजेचं वर्तुळ तुझ्या अंगातून पुरं होतं. झिणझिण्या आल्या तर ते नशीब समज. म्हणून तुमचं जे काही विजेवर चालतं ते मिक्सरला जिथून वीज गेली आहे त्याच जागेवरून घ्यायचं. गाण्याआधी टेस्टरचं टोक माइकच्या जाळीला लावायचं, मग गिटारच्या तारांना. दिवा मिणमिणला तरी गायचं नाही, साउंडवाल्याला बोलवायचं. आणि पायात रबरी तळाचं काहीतरी हवं. मंचाला नमस्कार करून चपला काढायची आपली सवय चांगली आहे, पण दवाने ओल्या फळ्यांवर अनवाणी उभं राहून माइक धरायचा नाही. बसून गाणार असाल तर खाली जाड सतरंजी.

इनपुट लिस्ट, म्हणजे मिक्सरला काय काय जोडायचं त्याची यादी, एका पानाची कर. तुमच्या पाच ओळी होतात: गळा, गिटार, पेटी, ढोलकीची उजवी, ढोलकीची डावी. प्रत्येकीपुढे काय लागेल ते लिही. गळ्याला साधा डायनॅमिक माइक आणि उंच स्टँड, गिटारला डीआय (आमचा), पेटीला डायनॅमिक माइक आखूड स्टँडवर, ढोलकीला दोन तसेच. कंडेन्सर, म्हणजे जास्त नाजूक कानाचा माइक, मागू नकोस. उघड्यावर तो वारा, गर्दी, शेजारच्या मंचावरचा ड्रम, सगळं गोळा करतो. खाली मंचाचा आराखडा हाताने काढलास तरी चालेल, कोण कुठे बसणार आणि प्लग कुठे हवा एवढं कळलं पाहिजे. चार चॅनलचाच मिक्सर निघाला तर ढोलकीची डावी बाजू सोडायची, हेही आधीच ठरवून ठेवा.

तिथे तुम्हाला सविस्तर ध्वनिचाचणी मिळणार नाही. आधीचा संच उतरल्यावर दहा मिनिटं मिळतील, त्यातली तीन त्यांच्या केबल गुंडाळण्यात जातील. उरलेल्या सातांत बसायचं, प्लग लावायचे, प्रत्येक ओळीतून आवाज येतो का तेवढं बघायचं. म्हणून पहिलं गाणं असं ठेवा की ज्यात तिघंही सुरुवातीपासून वाजतात आणि गळ्याला फार चढायचं नाही. साउंडवाला त्या गाण्यात पातळ्या लावतो. मॉनिटर, म्हणजे तुमचा आवाज तुम्हाला ऐकवणारा स्पीकर, माइकच्या थेट मागे हवा, बाजूला नको, कारण साध्या डायनॅमिक माइकला मागचं सगळ्यात कमी ऐकू येतं. शिट्टी आली तर माइकची जाळी मुठीत धरू नकोस, त्याने शिट्टी वाढते. गिटार घुमायला लागली तर तिच्या तोंडाला रबरी झाकण लाव आणि साउंडवाल्याला गिटारचा खालचा भाग कमी करायला सांग. नावाने हाक मारून, जमेल तितक्या गोडीत. तुमचा अर्धा तास त्याच्या हातात असतो.

तीस मिनिटांत सहा गाणी बसवू नका. पाच घ्या. बोलणं, ट्यूनिंग आणि टाळ्या मिळून पाच-सहा मिनिटं जातात. तुमचं सगळ्यात चांगलं गाणं शेवटी ठेवायचा बेत आहे, तो बदला. तुमचा स्लॉट साडेनऊचा आहे. रात्री दहानंतर उघड्यावरच्या ध्वनिवर्धकाला कायद्याने बंदी आहे, खास परवानगी असेल तरच सूट. आधीचे दोन संच पाच-पाच मिनिटं लांबले की कात्री तुमच्यावर पडणार. ते गाणं तिसरं ठेवा. वीसच मिनिटं मिळाली तर कुठली दोन गाणी गाळायची ते कागदावर खूण करून ठेवा, मंचावर कुजबुज नको. सिनेमातलं गाणं घेणार असाल तर त्याचा सार्वजनिक वादनाचा परवाना हे आयोजकांचं काम, पण गाण्यांची यादी त्यांना आधी द्या.

बक्षिसीसाठी क्यूआर ठेवायला संकोच नको. मात्र लोक दोन मीटरवर उभे असतात. स्कॅन व्हायला कोड साधारण अंतराच्या दहाव्या भागाएवढा लागतो, म्हणजे वीस सेंटिमीटरचा, ए-फोर कागद भरून. लॅमिनेट केलास तर चकचकीत नको, दिव्याची तिरीप पडली की फोन तो वाचत नाही. कोडवर उजेड पडतो का ते आधी उभं राहून बघ. खाली संचाचं नाव ठळक, म्हणजे पैसे न देणाराही निदान नावाचा फोटो काढून नेईल.

कॅफेवाल्याचं बिल दुसऱ्याच दिवशी पाठव: तारीख, ठिकाण, रक्कम, बँकेचा तपशील आणि पॅन. एवढ्या लहान रकमेवर सहसा टीडीएस लागत नाही. कापलाच तर तो तुझ्या पॅनवर जमा झालेला दिसला पाहिजे, तरच विवरणपत्र भरून परत मागता येतो. पॅन दिलाच नाहीस तर कपात 20 टक्क्यांनी होते.

इनपुट लिस्ट आणि आराखडा रविवारपर्यंत पाठव, तपासून देतो. आणि पेटीची पांढरी सहा किती दाखवते, तेही त्यातच लिही.

तुझा,
काका