वन बीएचकेमध्ये लूपरवर बेस गिटार वाजवायला घरगुती छोटा अ‍ॅम्प कोणता घ्यावा? दुकानदार म्हणतो १० वॉट पुष्कळ, पुरतील का?

'घरात वाजवायला १० वॉट पुष्कळ झाले' हे वाक्य तुम्हाला दुकानदाराने ऐकवलंय, मला आमच्या साडूंनी ऐकवलं होतं. तुम्ही अजून पैसे दिलेले नाहीत म्हणून हा खटाटोप करतोय. नाही पुरत.

आमचे साडू वीस वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत होते. लग्नं, गणपती, वाढदिवस, सगळं. माझ्या साखरपुड्यात त्यांनी विचारलं, "तुम्ही काय वाजवता?" म्हटलं, बेस गिटार. तर म्हणाले, "अच्छा, म्हणजे माझा डावा हात." सगळे हसले, होणारे सासरेही हसले. कीबोर्डचा डावा भाग बेसच्या आवाजावर लावला की खर्ज तिथूनच निघतो आणि ऑर्केस्ट्राच्या मालकाची एका माणसाची नाईट, म्हणजे रात्रीचं मानधन, वाचते. कितीतरी बेसवाले असेच घरी बसले, मीही त्यातलाच. त्यामुळे लूपर, म्हणजे वाजवलेलं रेकॉर्ड करून फिरवत ठेवणारं आणि त्यावर थर चढवू देणारं पेडल, हाती आला तेव्हा मला काय वाटलं असेल ते तुम्हाला कळेल. आता एकटा माणूस ठेका धरणार, खर्ज देणार, वर सूरही वाजवणार. डावा हात गेला उडत.

अ‍ॅम्प मात्र साडूंच्याच ओळखीच्या दुकानातून घेतला. १० वॉटचा, ६ इंची स्पीकरचा. "अहो, बेडरूममध्ये वाजवणार ना? मग?" बेडरूममध्ये तो खरंच बरा वाजायचा, तिथेच मी फसलो.

कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर कार्यक्रम ठेवला. सासरची मंडळीही आलेली. पहिला थर टाकला, जाड तारेवरचा साधा ठेका. समेवर पेडल दाबलं, लूप सुरू. लोक माना डोलवू लागले. दुसरा थर, तारांवर हाताने थाप मारून ढोलकीसारखं काहीतरी. तिसरा थर टाकला आणि खोका फरफरायला लागला. आवाज फाटला म्हणजे किती, तर स्पीकरचा कोन धापा टाकताना डोळ्यांना दिसत होता. मी घाबरून आवाज कमी केला, तर खर्जच गायब. वाढवला की परत फरफर. पुढे बसलेली पोरं खिदळायला लागली. आणि मागच्या खुर्चीवरून, हातात मसाला दूध, आमचे साडू: "साडूबुवा, डावा हात दुखला का?"

त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून कागद घेऊन बसलो. हिशोब सोपा आहे, कुणी सांगत नाही इतकंच. लूपरमध्ये थर वाढतात तसे त्यांचे सिग्नल एकमेकांत मिसळतात. दोन थरांचे सूर नेमके एकाच क्षणी एकावर एक आले तर व्होल्टेज दुप्पट होतं, आणि वॉट व्होल्टेजच्या वर्गाने वाढतात, म्हणजे चौपट. तीन थरांना नऊपट. १० वॉटचा अ‍ॅम्प न फाटता तीन थर झेलणार असेल तर एकेका थराच्या वाट्याला एक वॉट आणि वर चिल्लर. दर क्षणी असं होत नाही हे मान्य, वेगवेगळे सूर असले तर सरासरी इतकी चढत नाही. पण समेवर होतं, आणि लूपचा सगळा खेळ समेवरच असतो.

साडूंचा युक्तिवाद असा की ४० वॉट म्हणजे काही १० वॉटच्या चौपट मोठा आवाज नव्हे. बरोबर आहे! कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. पण मोठा आवाज मागितलाय कुणी? मला तेवढ्याच आवाजात, न फाटता, वरच्या टोकाला मोकळी जागा हवी आहे. ही साधी गोष्ट वीस वर्षं स्टेजवर काढलेल्या माणसाला पटत नाही, कारण त्यांच्या खर्जाला नेहमी दुसऱ्याचे भोंगे होते.

स्पीकरचंही तसंच. बेसची जाड मोकळी तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते. ६ इंची, अगदी ८ इंची छोट्या खोक्यातूनही तो मूळ सूर धड बाहेर येत नाही. आपण ऐकतो ते त्याचे वरचे ८२, १२३ वगैरे स्वरांश, उरलेलं कान स्वतः भरून काढतो. एकटा बेस असेल तर कान फसतो. वर दोन थर चढले की ते वरचे स्वरांश गर्दीत दबतात आणि खर्जाचा पत्ता लागत नाही. अमेरिकी बेसवादक जॅको पास्टोरियस १९७०च्या दशकाच्या अखेरीस डिलेच्या (आवाज उशिराने परत वाजवणाऱ्या) यंत्रावर लूप धरून त्यावर एकटा सोलो वाजवायचा, पण त्याच्या मागे १८ इंची स्पीकरचे अ‍ॅम्प असायचे, हे लोक विसरतात.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ४० वॉट आणि १० इंच, याखाली उतरू नका. मी नंतर फेंडर रंबल ४० घेतला. आठेक किलोचा आहे, एका हाताने चौथ्या मजल्यावर नेतो. ऑरेंजचा क्रश बेस ५० जरा जड, पण त्याला १२ इंची स्पीकर आहे आणि सेंड-रिटर्न आहे, म्हणजे अ‍ॅम्पच्या गेननंतर पेडल मध्ये जोडायची जागा. लूपर तिथे जोडला की अ‍ॅम्पचा गेन (सिग्नल चढवणारं, जास्त केलं तर आवाज फाडणारं बटण) रेकॉर्ड होण्याआधी लागतो, झालेल्या थरांवर पुन्हा लागत नाही. ज्या अ‍ॅम्पला ही सोय नाही तिथे लूपर सगळ्या पेडलच्या शेवटी ठेवा आणि अ‍ॅम्पचा गेन स्वच्छ ठेवा. नाहीतर तिन्ही थर एकत्र भरडले जातात आणि खिचडी होते. लूपरला अडॅप्टर वेगळा द्या. बाकी पेडलांबरोबर एकाच वायरवर लटकवला तर बारीक किणकिण येऊ शकते.

आता थोडं माझ्याविरुद्धही. कोजागिरीला निम्मी चूक माझीच होती. तिन्ही थरांत मी जाड तार वाजवत होतो. आता खर्ज फक्त पहिल्या थरात, बाकीचं बाराव्या पडद्याच्या आसपास. लूपचा आवाजही थेट वाजवण्यापेक्षा जरा खाली ठेवतो. माझ्या डिट्टो लूपरवर एकच गोल बटण असतं, ते त्यासाठीच. एवढं केलं असतं तर १० वॉट कदाचित दोन थर निभावून गेले असते. शिवाय गच्ची उघडी. खोलीत भिंती आणि कोपरे खर्जाला हात देतात, गच्चीवर तो हवेत जातो. तुम्ही कायम खोलीतच वाजवणार असाल, दोनच थर टाकणार असाल, तर २५ वॉट ८ इंचवर भागेल. पण हे साडूंना सांगू नका.

आणि वन बीएचके म्हणताय, तर अ‍ॅम्प फरशीवर ठेवू नका, स्टुलावर ठेवा. खर्ज स्लॅबमधून थेट खालच्यांच्या पलंगापर्यंत जातो. रात्री दहानंतर हेडफोन. हेडफोनवर लूप सगळ्यात छान ऐकू येतो, पण त्यासाठी अ‍ॅम्पच कशाला, असा प्रश्न आमची सौ. विचारते.

तो १० वॉटवाला आता सासऱ्यांकडे आहे, इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला. एकच सिग्नल, एकाच पातळीवर, तासभर. उत्तम वाजतो. दर दिवाळीला साडू त्याच्यावर हात ठेवून म्हणतात, "बघा, मी म्हणत होतो ना?"

गेल्या कोजागिरीला मी ४० वॉटवर चार थर टाकले. थोड्या वेळाने साडू स्वतःहून कीबोर्ड घेऊन शेजारी बसले आणि वरून वाजवायला लागले, फार सुंदर वाजवलं, खोटं कशाला बोलू. फक्त उजव्या हाताने. डाव्या हातात दुधाचा ग्लास होता.