बर्फ पडणाऱ्या शहरात रस्ते मोकळे कोण करतं? सिटी की लोकं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. हे काम सगळं सरकारच करतं का, एवढी मशिनरी असून एका मोठ्या स्नोफॉलला शहरं ठप्प का होतात, आणि पार्किंगची जागा अडवायला लोक खरंच रस्त्यावर खुर्ची ठेवतात का. खुर्चीचं शेवटी सांगतो. पहिल्याचं उत्तर सोपंय. रस्ता सिटीचा, घरासमोरचा फुटपाथ बऱ्याच ठिकाणी घरमालकाचा, आणि कडेला लावलेली गाडी वेळेत हलवायची जबाबदारी शंभर टक्के तुमची. दुसऱ्याचं उत्तर जरा लांब आहे, कारण बर्फ बाजूला सारणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. खरी डोकेदुखी म्हणजे सारलेला बर्फ ठेवायचा कुठे, आणि मध्ये उभ्या असलेल्या गाड्यांचं काय करायचं.

आधी मिठाचं सांगतो, कारण त्याबद्दल बराच गैरसमज असतो. मीठ टाकून सगळा बर्फ वितळवतात असं लोकांना वाटतं, तसं नाहीये. एवढा बर्फ वितळवायला किती मीठ लागेल विचार करा. मीठ टाकतात ते बर्फ डांबराला चिकटून बसू नये म्हणून, मग प्लाऊचं, म्हणजे बर्फ सारणाऱ्या ट्रकचं, पातं तो सहज खरवडून काढतं. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी वादळ यायच्या आधीच मिठाचं पाणी फवारून ठेवतात, रस्त्यावर पांढऱ्या रेघा दिसतात त्या त्याच. पण तापमान साधारण उणे 9-10 च्या खाली गेलं की साधं मीठ जवळपास कामाचं राहत नाही, मग कॅल्शियम क्लोराईड वापरा नाहीतर सरळ वाळू किंवा बारीक खडी टाका, म्हणजे निदान टायरला पकड तरी मिळते. शिवाय मिठाने गाड्या गंजतात, काँक्रीट खराब होतं आणि शेवटी ते नदी-तलावातच जातं, त्यामुळे हात आखडूनच वापरलेलं बरं असं माझं मत.

मग प्लाऊ. क्रम ठरलेला असतो, आधी हायवे, मोठे रस्ते, हॉस्पिटलकडे जाणारे आणि बसचे रूट, शेवटी गल्लीबोळ. त्यामुळे आतल्या गल्लीतल्या माणसाला कायम वाटतं की आपल्यालाच विसरले. ही नाराजी हलकी समजू नका. 1969 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये क्वीन्स या भागाचे रस्ते कितीतरी दिवस तसेच पडून राहिले आणि मेयर जॉन लिंडसे यांच्यावर लोक प्रचंड भडकले. शिकागोत तर 1979 च्या जानेवारीतल्या वादळानंतर दीड महिन्यातच मेयर मायकल बिलँडिक पक्षाच्या प्रायमरीत (उमेदवार ठरवायच्या पक्षांतर्गत निवडणुकीत) जेन बर्न यांच्याकडून हरले, आणि त्याला बर्फाचा गोंधळ हेच मोठं कारण मानतात.

आता मुख्य मुद्दा. प्लाऊ बर्फ नाहीसा करत नाही, फक्त कडेला ढकलतो, आणि दोन-तीन वादळांनंतर त्या कडेच्या भिंती एवढ्या वाढतात की दोन लेनची एक होते आणि फुटपाथ गायबच होतो. कमी बर्फाच्या शहरात वितळायची वाट बघतात. कॅनडातल्या मॉन्ट्रियलसारख्या ठिकाणी तसं चालत नाही, तिथे वर्षाला साधारण दोन मीटर बर्फ पडतो आणि मध्ये वितळायला फारशी उसंत मिळत नाही, म्हणून तो चक्क उचलून न्यावा लागतो. रस्ते-फुटपाथ मिळून सुमारे 10,000 किलोमीटर साफ करायचे असतात. छोटे प्लाऊ फुटपाथवरचा बर्फ रस्त्यावर ढकलतात, मोठे मागून येऊन त्याची लांब रांग करतात, मग एक अजस्र ब्लोअर ती रांग गिळत बाजूने चालणाऱ्या ट्रकमध्ये फेकत जातो, ट्रक भरला की पुढचा लगेच त्याच्या जागी. बघायला मजा येते, मी तर असलं काही दिसलं की हातातलं काम टाकून खिडकीत जातो. पूर्वी हा बर्फ सेंट लॉरेन्स नदीत टाकायचे, पण त्यात मीठ, तेल, कचरा सगळंच असतं, म्हणून ते बंद केलं. आता काही गटारांच्या खास तोंडांतून आत सोडतात आणि बराचसा ठरलेल्या जागांवर रचतात, त्यातली फ्रँकॉन नावाची जुनी दगडखाण तर एवढी भरते की तिथला ढीग उन्हाळ्यातही शिल्लक असतो.

आणि हे सगळं एका उभ्या गाडीने अडतं. गाडीच्या आजूबाजूचा बर्फ तसाच राहतो, म्हणजे पूर्ण रांगेची वाट लागते. मॉन्ट्रियलमध्ये आधी नारिंगी बोर्ड लावतात, मग टोइंगवाला सायरन वाजवत गल्लीतून फिरतो आणि लोक कोट चढवून धावत सुटतात. अमेरिकेतल्या मिनियापोलिसची पद्धत मला जास्त आवडते, स्नो इमर्जन्सी (मोठ्या बर्फानंतर सिटी लावते ते पार्किंगचे खास नियम) जाहीर झाली की तीन टप्पे, पहिल्या रात्री ठरलेल्या मुख्य रस्त्यांवर दोन्ही बाजूंना पार्किंग बंद, दुसऱ्या दिवशी बाकीच्या रस्त्यांची सम घरनंबरांची बाजू रिकामी, तिसऱ्या दिवशी विषम. एकदा कळलं की डोकं लावावं लागत नाही, फक्त जाहीर झालंय हे कळायला हवं, तेव्हा सिटीचं ॲप किंवा मेसेज अलर्ट चालू करून ठेवा.

फुटपाथचा नियम शहरागणिक वेगळा. न्यूयॉर्कमध्ये दिवसा, म्हणजे सकाळी 7 ते संध्याकाळी 5 च्या मध्ये बर्फ थांबला तर 4 तासांत तुमच्यासमोरचा फुटपाथ साफ हवा, रात्री 9 नंतर थांबला तर सकाळी 11 पर्यंत. मला ही घरमालकावर ढकलायची पद्धत मुळातच पटत नाही, दहा घरं साफ असून अकरावं नसेल तर व्हीलचेअरवाल्याला त्या दहाचा काय उपयोग?

आता तुमचा तिसरा प्रश्न, खुर्चीचा. हो, खरंय. शिकागो-बोस्टनमध्ये लोक तासभर खोदून गाडी काढतात आणि ती रिकामी जागा अडवायला तिथे जुनी खुर्ची ठेवून जातात. बोस्टनमध्ये इमर्जन्सी संपल्यावर 48 तास ते चालवूनही घेतात. रस्ता सार्वजनिक आहे वगैरे सगळं बरोबर, पण मी ती खुर्ची हलवणार नाही आणि तुम्हीही हलवू नका, भांडणं होतात.

आता पहिल्यांदाच अशा शहरात राहायला जाताय म्हणून थोडं कामाचं. बर्फ पूर्ण थांबायची वाट न बघता मध्ये मध्ये काढत राहा, ताजा भुसभुशीत असतो तोवर हलका, ओला झाला की कंबर मोडतो. शक्यतो उचलू नका, ढकला, आणि हृदयाचा त्रास असेल तर पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घ्या, थंडीत खोरं मारताना हार्ट अटॅक येणं ही नेहमीची गोष्ट आहे. काढलेला बर्फ रस्त्यावर टाकू नका, बऱ्याच ठिकाणी दंड होतो. ड्राइव्हवे (रस्त्यापासून घरापर्यंतची गाडीची वाट) साफ करून आत गेलात की प्लाऊ येऊन तोंडाशी परत बांध घालून जाणार हे गृहीत धरा, तो मुद्दाम करत नाही, त्याच्या पात्यावरचा माल जिथे मोकळी जागा मिळेल तिथे सांडतो. त्यावर उपाय म्हणजे गाड्या उजवीकडून चालतात त्या देशात रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं, बर्फ उजव्या हाताला टाकायचा आणि डावीकडे ड्राइव्हवेच्या अलीकडे कडेचा थोडा पट्टा मोकळा करून ठेवायचा, म्हणजे प्लाऊ बराचसा माल तिथेच सोडतो. जवळ फायर हायड्रंट (आग विझवायला पाणी घ्यायचा रस्त्यावरचा नळ) असेल तर तोही उकरून ठेवा. आणि गाडी बर्फात रुतलेली असेल तर इंजिन चालू करायच्या आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे ना बघा, नाहीतर धूर गाडीत शिरतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.