कोलॅजेनमधील पाणी: किती आहे, याइतकेच कुठे आहे हेही महत्त्वाचे

वाळून कडक झालेली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) पाण्यात ठेवली की पुन्हा मऊ का होते, आणि पाणी त्यात स्पंजाप्रमाणे नुसते भरते की कोलॅजेन या तिच्यातील मुख्य प्रथिनाच्या रेणूंमध्येच बदल घडवते, असे आपण विचारले आहे. कंडरांच्या एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत टिपण्याची पद्धत) मोजणीत बरीच वर्षे घालवल्यानंतर मला वाटते की स्पंजाची उपमा येथे दिशाभूल करते, कारण या पाण्याचा बराचसा भाग रचनेचाच घटक असतो.

१९५४ मध्ये रामचंद्रन आणि कर्था या शास्त्रज्ञांनी मद्रासहून मांडलेली कोलॅजेनच्या रेणूची तीन साखळ्यांची रचना आठवावी. प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असते आणि तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळून सुमारे ३०० नॅनोमीटर लांब, पण जेमतेम दीड नॅनोमीटर जाड असा दोर तयार होतो. साखळ्यांमधील थेट हायड्रोजन बंध दर तीन अमिनो आम्लांमागे एकच असतो. साखळ्यांवरचे उरलेले ऑक्सिजन अणू आणि हायड्रॉक्सिप्रोलीन या अमिनो आम्लाचे हायड्रॉक्सिल (OH) गट बाहेर तोंड करून असतात व पाण्याच्या रेणूंशी बंध जोडतात. कोलॅजेनसदृश लहान पेप्टाइडच्या (अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्यांच्या) १९९४ मधील स्फटिकरचनेत एका गटापासून दुसऱ्यापर्यंत गेलेले पाण्याचे असे पूल स्पष्ट दिसले.

मात्र हे पाणी बर्फासारखे जखडलेले नसते. संशोधक बेरेंडसेन यांनी १९६२ मध्ये दाखवले की कोलॅजेनच्या तंतूंमधील पाण्याचा एनएमआर संकेत दोन रेषांत विभागतो आणि त्या रेषांमधील अंतर तंतूचा चुंबकीय क्षेत्राशी असलेला कोन बदलला की बदलते; सुमारे ५५ अंशांवर ते शून्य होते. म्हणजे पाण्याचे रेणू अतिशय वेगाने फिरतात, पण सर्व दिशांना सारखेच फिरत नाहीत. तंतूची दिशा त्यांच्या गतीवर उमटते. मला हा सगळ्या विषयातील सर्वांत सुंदर पुरावा वाटतो.

आता साखळ्यांच्या हालचालींकडे येऊ. कोरड्या कोलॅजेनमध्येही प्रोलीन या अमिनो आम्लाची वलये आणि साखळीच्या बाजूला निघालेले पार्श्वगट थोडेफार डोलत असतातच, पण शेजारचे रेणू अगदी चिकटून बसलेले असतात: त्यांच्यातील अंतर कोरड्या अवस्थेत सुमारे १.१ नॅनोमीटर असते, तर ओल्या अवस्थेत ते दीड नॅनोमीटरच्या आसपास जाते. पाणी शिरले की शेजाऱ्यांमधील थेट बंधांची जागा पाण्यामार्फत जोडलेले बंध घेतात, हालचालींचा आवाका वाढतो आणि रेणू एकमेकांवरून सरकू शकतात. मऊपणाचे मूळ येथे आहे. पाणी प्लॅस्टिसायझरचे, म्हणजे कडक पदार्थ लवचीक करणाऱ्या द्रव्याचे, काम करते. उलट वाळताना तंतू आखडतो, आणि दोन्ही टोके घट्ट धरून वाळवल्यास त्यात शंभर मेगापास्कलच्या घरातील ताण निर्माण होऊ शकतो, जो स्नायूच्या बळाच्या शेकडो पट आहे.

उष्णतेच्या बाबतीत मात्र नवख्या माणसाचा गोंधळ होतो. पाणी जर रचनेला आधार देते, तर ओली कंडरा साठ-पासष्ट अंश सेल्सियसला आकसते आणि पूर्ण कोरडे कोलॅजेन दोनशे अंशांपलीकडे कसे टिकते? कारण साखळी उलगडण्यासाठी तिला हलायला जागा लागते. कोरड्या, दाट रचनेत ती जागाच नसते. पाणी ती जागा मिळवून देते.

म्हणून आपण कंडरेचा ताठरपणा मोजणार असाल, तर ‘कोरडी’ आणि ‘ओली’ अशा दोनच नोंदींवर थांबू नये. संपृक्त क्षारद्रावणांच्या बंद भांड्यात नमुना ठेवावा (२५ अंशांना मिठाचे द्रावण सुमारे ७५ टक्के, मॅग्नेशियम क्लोराइडचे सुमारे ३३ टक्के आर्द्रता राखते), वजन स्थिरावेपर्यंत थांबावे आणि प्रत्येक टप्प्यावर ताठरपणासोबत पाण्याचे वजनही लिहावे. साखळ्यांना धरून ठेवणारे पहिले पाणी आणि रेणूंना दूर सारणारे नंतरचे पाणी यांचे परिणाम तेव्हाच वेगळे दिसू लागतील.