त्या अकराशे डॉलरच्या ड्रेसबद्दल

तुमचे प्रश्न दोन आहेत. एक, हिचकॉकच्या 'रिअर विंडो'मध्ये पाय प्लास्टरमध्ये घालून बसलेल्या माणसाला भेटायला लिसा रोज एवढी नटून का येते, की दिग्दर्शकाला नुसती झगमग हवी होती? आणि दोन, तिचा पहिला काळा-पांढरा ड्रेस भाचीच्या रिसेप्शनसाठी शिवायचा तर कापड कोणतं आणि किती घ्यायचं? दुसरा प्रश्न माझ्या हातातला आहे, तीस वर्षं हौशी नाटकांचे कपडे शिवतेय. पण पहिल्यावरही बोलल्याशिवाय राहवत नाही. सिनेमा न पाहिलेल्यांनी शेवटच्या दोन परिच्छेदांवर उडी मारावी, कारण खाली सगळं रहस्य फोडलेलं आहे.

झगमग म्हणाल तर आहेच. लिसाच्या भूमिकेत ग्रेस केली आहे, 1954 साल आहे, पॅरामाउंट स्टुडिओचा पैसा आहे. पण लिसा नटून येते त्याचं कारण पहिल्याच संवादात आहे. तो प्लास्टरमधला जेफ तिला चिडवतो, एकच ड्रेस दोनदा न घालणारी ती तूच ना? ती शांतपणे सांगते की लोकांची तशी अपेक्षा असते म्हणून. ती फॅशनच्या धंद्यातली बाई आहे हो. कपडे मिरवणं हे तिचं कामच, आणि तो ड्रेस खपेल का, हेही ती त्यालाच विचारते. किंमत अकराशे डॉलर. तेव्हाच्या पावणेपाच रुपयांच्या भावाने सव्वापाच हजार रुपये! जेफ म्हणतो, या ड्रेसची नोंद शेअर बाजारात करायला हवी. तो फोटोग्राफर, युद्धभूमीवर आणि जंगलात हिंडणारा. त्याला वाटतं ही बाई आपल्याबरोबर जीपमध्ये बसणारी नाही. सिनेमातलं खरं भांडण ते आहे, समोरच्या बिऱ्हाडातला खून नंतर.

गंमत म्हणजे कॉर्नेल वूलरिचच्या 1942च्या मूळ कथेत लिसा नाहीच. ती पटकथाकार जॉन मायकेल हेजने आणली, आणि त्याची बायको मॉडेल होती. म्हणजे नटणारी बाई या गोष्टीत मुद्दाम, विचार करून घातलेली आहे.

आता तो पहिला प्रवेश बघा, शक्य असेल तर आवाज बंद करून. झोपलेल्या जेफच्या तोंडावर सावली पडते. खुनाच्या सिनेमात सावली पडली की आपण सावरून बसतो. पुढे येतो तो लिसाचा चेहरा, पडदाभर, आणि चुंबन. कपडे अजून दिसतच नाहीत. मग तो विचारतो तू कोण, आणि ती एकेक दिवा लावत आपलं नाव सांगते. लिसा, एक दिवा. कॅरल, दुसरा. फ्रीमाँट, तिसरा. तिसऱ्या दिव्याला ड्रेस आख्खा उजेडात येतो: काळी, अंगाला घट्ट, पुढे-मागे खोल गळ्याची चोळी, कंबर मुठीत मावेल अशी, आणि तिथून खाली पोटरीपर्यंत पांढऱ्या तलम कापडाचा ढगासारखा घेर. कमरेकडून घेरावर उतरणारी काळ्या कामाची एक डहाळी. गळ्यात मोत्यांचा एकच सर, हातात पांढरे हातमोजे, खांद्यावर शिफॉनची ओढणी. आणि हे सगळं कुठे, तर कॅमेऱ्याचे तुकडे, फ्रेममधले अपघातांचे फोटो आणि पायजम्यात बसलेला माणूस असल्या कळकट खोलीत. ड्रेस इतका सुंदर आहे की तिथे तो चुकलेला वाटतो. तो चुकलेला वाटायलाच हवा होता.

कपडे एडिथ हेडचे. पॅरामाउंटची मुख्य वेशभूषाकार. हिचकॉकच्या पटकथेत कोणत्या प्रसंगात कोणता रंग हे आधीच लिहिलेलं असे. केली चिनी मातीच्या नाजूक बाहुलीसारखी, हात लावायला जीव धजू नये अशी दिसायला हवी, असं त्याने हेडला सांगितल्याचं तिनेच नोंदवलंय. लिसाच्या शब्दांत 'पॅरिसच्या विमानातून थेट उतरलेला' तो ड्रेस अर्थातच हॉलिवूडमध्ये शिवलेला आहे. बेतणी मात्र पक्की पॅरिसची. तिथल्या दिऑर या फॅशनकाराने 1947 मध्ये बारीक कंबर आणि प्रचंड घेर आणला, त्याच वळणाची. युद्धात अमेरिकेतही बायकांच्या कपड्याला किती कापड लावायचं यावर सरकारी बंधन होतं. म्हणून युद्धानंतर असा घेर दिसला की पैसा दिसायचा. आपल्याकडे नऊवारीचा काठ बघून घर ओळखायचे, तसंच थोडंसं.

दुसऱ्या संध्याकाळी ती काळ्यात येते. वरचा भाग पारदर्शक, गळ्यात मोती. अंधाऱ्या खोलीत काळा ड्रेस विरून जातो, उरतात चेहरा, दंड आणि मोती. ती जेफच्या मांडीवर आहे, आणि हा शहाणा तिच्या केसांत तोंड घालून समोरच्या बाईचं काय झालं असेल ते बोलतोय! मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती. पण याच प्रसंगात ती स्वतः खिडकीतून बघते, त्या बाईचा नवरा थॉरवाल्ड मोठ्या पेटाऱ्याला दोरखंड बांधताना दिसतो, आणि तिचा सूर बदलतो. तू काय काय पाहिलंस ते पहिल्यापासून सांग, म्हणते.

मग तिसरा, हिरवा सूट. पाण्यात थेंबभर हिरवा टाकल्यासारखा फिका रंग, सरळ स्कर्ट, छोटी टोपी, तिला जाळी. जॅकेट उतरवलं की आत पांढरा, मानेभोवती बांधलेला ब्लाउज आणि पाठ उघडी. आधी ऑफिसातली बाई आणि जॅकेट खुंटीला लागलं की प्रेयसी, एकाच कपड्यात. खालच्या मजल्यावरची एकटी मिस लोनलीहार्ट्स गडद हिरव्यात असते आणि लिसा फिक्या हिरव्यात, हे जुळवलेलं आहे. एकीला माणूस मिळत नाही, दुसरीला मिळालेला माणूस तिच्याकडे बघत नाही.

आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर याच सुटात आहे. जेफकडे दुर्बीण आहे, हातभर लांब लेन्स आहे, पोलिसातला मित्र आहे. पण थॉरवाल्डची बायको गावाला गेलेली नाही, हे लिसा ओळखते. कशावरून? पर्सवरून. बाईची आवडती पर्स पलंगाच्या खांबाला, हाताशी लटकलेली असते आणि बाहेर जाताना ती तशीच ठेवून कोणी जात नाही. दागिने कोणी पर्सच्या तळाशी गोळा करून कोंबत नाही, गुंता होतो, ओरखडे पडतात. आणि लग्नाची अंगठी मागे ठेवून बाई परगावी जात नाही. आपल्याकडे सांगायचं तर, मंगळसूत्र घरी ठेवून बाई माहेरी गेली असं नवरा सांगायला लागला तर शेजारची कुठलीही काकू विश्वास ठेवील का? जेफचा तो पोलीस मित्र डॉइल हसण्यावारी नेतो. त्याच्या लेखी हे बायकी बोलणं. ज्या नटण्याला जेफ तीन दिवस नाकं मुरडत होता, त्याच्याच ज्ञानावर तपास उभा आहे. झगमग म्हणून बाजूला काढली तर सिनेमात पुरावाच उरत नाही.

त्याच रात्री ती मार्क क्रॉस कंपनीच्या इवल्याशा पेटीतून नाइटगाउन काढते. त्याचा किस्सा केलीनेच नंतर सांगितलेला आहे. हिचकॉकला छातीशी कापड नीट बसलेलं दिसेना, त्याने हेडला आत पॅड घालायला सांगितलं. दोघी खोलीत गेल्या, इथे थोडं आत घेतलं, तिथे थोडं सोडलं, पॅड काही घातलं नाही, आणि केली ताठ उभी राहून बाहेर आली. हिचकॉक खूश, बघा किती फरक पडला! प्रत्येक शिंपिणीच्या आयुष्यात असं गिऱ्हाईक असतं. माझ्या एका दिग्दर्शकाला मी तोच झगा उलट्या बाजूने इस्त्री करून परत दाखवला होता.

चौथा ड्रेस फुलाफुलांचा, घेरदार, उन्हाळी. सगळ्यात साधा, आणि माझ्या मते सगळ्यात हुशार. याच कपड्यात ती थॉरवाल्डच्या दाराखाली चिठ्ठी सरकवून धापा टाकत परत येते, तेव्हा जेफचा चेहरा बघा. इतके दिवस हिच्या दिशेने मान वळवायला तयार नसलेला माणूस आता टक लावून बघतोय. मग ती लोखंडी जिना चढून, कठडा ओलांडून खिडकीतून आत शिरते. हिरव्या सुटाच्या सरळ स्कर्टमध्ये पाय एवढा वर गेलाच नसता, शिवण उसवली असती. घेर हवाच होता. ती समोरच्या चौकटीत गेली, जेफच्या लेन्समध्ये आली, की मग त्याला ती खऱ्या अर्थाने दिसते. थॉरवाल्ड तिला पकडतो, पोलीस येतात, आणि ती पाठीमागे हात नेऊन बोटातली मेलेल्या बाईची अंगठी जेफला दाखवते. पुरावाही मिळाला आणि लग्नाची अंगठीही बोटात गेली. थॉरवाल्डचं लक्ष त्या हाताकडे जातं, आणि तो सरळ आपल्याकडे बघतो. अंगावर काटा येतो अजून.

शेवटी जीन्स, साधा शर्ट आणि हातात हिमालयावरचं पुस्तक. जेफला झोप लागली की पुस्तक खाली आणि 'हार्पर्स बझार' हे फॅशनचं मासिक वर. लिसा बदलली म्हणणाऱ्यांनी तेवढे शेवटचे दहा सेकंद पुन्हा बघावेत.

बाकी या कपड्यांना ऑस्करचं साधं नामांकनही नव्हतं. त्या वर्षीचं हेडचं ऑस्कर 'सबरीना'साठी, आणि त्यातले लक्षात राहणारे ड्रेस पॅरिसच्या जिव्हॉन्शी या फॅशनकाराचे! आपल्या वेशभूषाकार भानू अथैय्या, कोल्हापूरच्या, यांच्या सुरुवातीच्या कामांतही एक रहस्यपट आहे, 1956चा 'सीआयडी'. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

आता तुमचं काम. रिसेप्शनला काळा म्हटल्यावर घरातल्या ज्येष्ठ मंडळींचा विषय तुम्हीच हाताळा, संक्रांत सोडली तर आमच्याकडे अजूनही भुवया उंचावतात. फारच झालं तर चोळी गडद बाटलीहिरव्या किंवा वांगी रंगात करा, बेत बिघडणार नाही. पण कापड चमकणारं नको, साटन तर मुळीच नको. वरचा भाग जितका मुका, तितका खालचा घेर बोलतो. जाडसर क्रेप घ्या, आतून सुती अस्तर, आणि पुढच्या-मागच्या टक्सना कापड ताठ धरणाऱ्या सळ्या घाला, नाहीतर खोल गळा बसल्याबरोबर उघडा पडेल. घेर पूर्ण गोल कापा. कंबर 26 इंच धरली तर मधल्या गोलाची त्रिज्या चार इंचांच्या किंचित वर, उंची 30, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 68. 44च्या पन्ह्यात एक अर्धगोल बसतो, दोन अर्धगोलांना साडेतीन मीटर लागतं, शिवणीसकट पावणेचार धरा. वर शिफॉनचे दोन थर आणि खाली ऑर्गेंझाचा एक, म्हणजे सव्वाअकरा मीटर. दुकानदार सात मीटरमध्ये भागवतो म्हणेल, तो कळ्या घालून भागवेल. कळ्यांचा घेर खाली पसरतो, पण कमरेपाशी ढग होत नाही. आत कॅनकॅन, म्हणजे घेर फुलवणारा परकर, हवंच, पण विकतचं कडक नको, पायमोजे फाडतं. मऊ नेटचे दोन पदर चुण्या घालून सुती परकराला जोडा. डहाळीचं काम कापल्यावर, शिवायच्या आधी करून घ्या, एकाच बाजूला, आणि टिकल्या नको, काळे मणी.

आणि एक, हे मी ठेच खाऊन शिकले. एकदा नाटकासाठी असाच शिफॉनचा गोल घेर शिवला, घाईत त्याच रात्री खालची पट्टी दुमडून टीप मारून टाकली. प्रयोगाच्या दिवशी घेर दोन बाजूंनी तीन-तीन इंच खाली उतरलेला, नायिका कुत्र्याच्या कानांसारखी टोकं लोंबवत फिरत होती. गोल कापलं की कापडाचा काही भाग तिरका येतो आणि तो स्वतःच्या वजनाने ताणला जातो. म्हणून घेर कमरपट्टीला जोडून दोन दिवस हँगरला टांगून ठेवा, मग भाचीला त्याच टाचांच्या चपला घालून स्टुलावर उभं करा, जमिनीपासून पट्टीने माप घेत गोल खुणा करा, जास्तीचं कापा, आणि शेवटची दुमड मशीनवर नको, हाताने, केसाएवढी बारीक घाला. एवढ्या घेराला दोन दुपारी लागतील.