हलकी, पण हलक्या प्रतीची नव्हे

प्रश्न : ताई, सासऱ्यांच्या साठीला इथल्या सुपरमार्केटमधून ग्लेन ग्रँट आर्बोरालिस ही व्हिस्की आणली. 26 पौंडांना मिळाली. सासऱ्यांना आवडली, पण जेवायला आलेल्या एकांनी बाटली दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, "रंग बघा, वयसुद्धा लिहिलेलं नाही. अगदीच हलकी आणलीत." तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. ही खरंच कमी दर्जाची असते का? या भट्टीला काही इतिहास आहे का?
– एक वाचक, लीड्स

उत्तर : मी नऊ वर्षं स्कॉटलंडमधल्या एल्गिनमध्ये राहिले. ही भट्टी तिथून बसनं अर्ध्या तासावर, रोथेस गावात आहे. तुमचं पत्र वाचून मला तिथल्या तांब्याच्या भांड्यांच्या उंच माना आठवल्या. पाहुण्यांनी वापरलेला 'हलकी' हा शब्द खरा आहे, फक्त त्यांनी तो दर्जाला लावला. ग्लेन ग्रँट चवीला हलकी आहे आणि ती तशी व्हावी म्हणून दीडशे वर्षं मेहनत घेतली गेली आहे.

जॉन आणि जेम्स या ग्रँट बंधूंनी 1840 मध्ये ही भट्टी काढली. जेम्स एल्गिनचे प्रोव्होस्ट, म्हणजे नगराध्यक्षही होते. एल्गिन ते लॉसीमाउथ बंदर ही रेल्वे 1852 मध्ये सुरू झाली, त्यामागे त्यांचीच धडपड होती. पिंपं बंदरावर न्यायची तर रस्ता हवा, हे त्यांना नेमकं कळलं होतं. 1872 मध्ये कारभार त्यांच्या मुलाकडे आला. त्याचंही नाव जेम्स, पण सगळे त्याला 'मेजर' म्हणत. आज आपण जी चव घेतो, ती या मेजरची.

आता 'हलकी'चं गणित सांगते. सातूच्या आंबवणापासून मद्य काढताना तांब्याच्या भांड्यातून वाफ वर चढते. मान आखूड असली की जड, तेलकट घटकही वाफेबरोबर पलीकडे जातात. मान उंच असली तर वाटेतच त्यांचं पुन्हा पाणी होतं आणि ते भांड्यात परततात. मेजरनं भांडी उंच, सडपातळ माना असलेली बसवली. एवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून पुढे 'प्युरिफायर' जोडले. बाहेर पडणारी वाफ आधी या थंड केलेल्या तांब्याच्या डब्यातून जाते, उरलासुरला जडपणा तिथे गळतो आणि बारीक नळीनं मागे भांड्यात येतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ही परतीची नळी मला कितीतरी वेळ सापडेना. मग तिथल्या माणसानं बोट दाखवलं. मनगटाएवढी नळी, पण चवीचा अर्धा हिशेब तिच्यात. आजही तिथल्या आठही भांड्यांना प्युरिफायर आहेत.

आपण 'पहिल्या धारेची' असं कौतुकानं म्हणतो. इथे मात्र पहिली धार बाजूला काढतात, शेवटचीही काढतात, दोन्ही पुन्हा भट्टीत जातात आणि पिंपात भरतात ती फक्त मधली धार.

राहिला रंग. भट्टीतून निघालेलं मद्य पाण्यासारखं पारदर्शक असतं, रंग देतं ते पिंपाचं लाकूड. ग्लेन ग्रँटचं बहुतेक मद्य अमेरिकन बर्बन व्हिस्कीच्या जुन्या पिंपांत मुरतं, त्यामुळे तिचा रंग गवताच्या काडीसारखा फिका. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात ठेवलं तर तेच मद्य गडद दिसेल. शिवाय स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरमेल घालायला कायद्यानं परवानगी आहे. तेव्हा बाटली दिव्यासमोर धरून दर्जा कळत नाही. पेल्यात नाक घाला. हिरवं सफरचंद, पेअर, थोडासा ताज्या कणकेसारखा माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या सातूचा वास. धूर अजिबात नाही. हा वास मला फार आवडतो, आणि तो जड व्हिस्कीत कधीच इतका स्वच्छ येत नाही.

कमी वयाला, म्हणजे पिंपात कमी वर्षं मुरण्याला, नाकं मुरडणाऱ्यांना मी नेहमी इटलीची गोष्ट सांगते. 1961 मध्ये मिलानचे व्यापारी आर्मांदो जोव्हिनेत्ती स्कॉटलंडला आले, मेजरचे नातू डग्लस मॅकेसॅक यांना भेटले आणि पाच वर्षं मुरलेल्या ग्लेन ग्रँटच्या पन्नास पेट्या घेऊन गेले. पाच वर्षं! त्या कोवळ्या, फिक्या व्हिस्कीनं इटली जिंकली आणि पुढे कित्येक वर्षं तिथे सिंगल माल्ट (एकाच भट्टीची, फक्त मोड आणलेल्या सातूची व्हिस्की) म्हणजे ग्लेन ग्रँट हेच समीकरण होतं. 2006 मध्ये भट्टी विकत घेतली तीही इटलीच्याच कंपारी कंपनीनं.

मेजरविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1898 मध्ये आफ्रिकेत शिकारीला गेलेला असताना त्याला रस्त्याच्या कडेला टाकून दिलेला एक मुलगा सापडला. त्याला तो रोथेसला घेऊन आला. बियावा माकालागा हे त्याचं नाव. तो गावच्या शाळेत शिकला, मेजरच्या घरी बटलर झाला. मेजर 1931 मध्ये वारला, बियावा मात्र त्याच घरात 1972 पर्यंत राहिला. त्याची कबर रोथेसमध्येच आहे. तिच्यासमोर मी बराच वेळ उभी होते. त्या लेकराला कुणी विचारलं असेल का, तुला यायचंय का म्हणून?

प्रश्न : बाटलीवर वय नसेल तर आत वर्षभराचीही व्हिस्की असू शकते का?
– एक वाचक, ग्लासगो

उत्तर : नाही. स्कॉच म्हणवून घ्यायचं तर स्कॉटलंडमध्येच, ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं मुरावं लागतं आणि बाटलीत मद्यार्क किमान 40 टक्के असावा लागतो. सिंगल माल्ट असेल तर धान्य फक्त मोड आणलेला सातू आणि भट्टी एकच. वय लिहिलं तर ते त्यातल्या सर्वांत कोवळ्या पिंपाचं लिहावं लागतं. म्हणजे वीस वर्षांच्या पिंपांत एक पाच वर्षांचं मिसळलं तरी बाटलीवर पाचच येणार. बरेच जण आकडाच लिहीत नाहीत, त्याचं हेही एक कारण.

प्रश्न : अशा हलक्या व्हिस्कीत पाणी घालावं का?
– एक वाचक, एडिनबरा

उत्तर : चमचाभर घाला, जास्त नको. आधीच नाजूक आहे, ग्लासभर पाण्यात सगळा वास विरून जाईल. बर्फ तर मी घालतच नाही, गारठ्यानं सफरचंद गायब होतं.

पाण्यावरून आठवलं, रोथेसला गेलात तर भट्टीमागची मेजरची बाग चुकवू नका. आत चालत गेलं की ओढा घळीतून खाली येतो. तिथे मेजरनं खडकात एक लोखंडी तिजोरी बसवून घेतली होती, तिच्यात बाटली आणि पेले. जेवणानंतर पाहुण्यांना तो इथवर चालवत आणायचा, तिजोरी उघडायचा आणि ज्याला पाणी हवं त्यानं ते समोरच्या ओढ्यातूनच घ्यायचं. मीही तसंच घेतलं. चमचा नव्हता, ओंजळीतून चार थेंब सोडले.