आधी लपायचं, मग दचकवायचं

प्रश्न: काडीकिडा हुबेहूब काडीसारखा दिसतो, हे मान्य. मग तो मधूनच डुलतो कशाला? त्यानं उलट उघडा नाही का पडणार?

उत्तर: वारा सुटला की भोवतीची पानं, काड्या सगळं हलतं. अशा वेळी एकटाच ताठ राहिलेला नजरेत भरेल. डुलणं हा त्याच्या सोंगाचाच भाग.

प्रश्न: फुलपाखरांच्या पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके असतात, त्या ‘डोळ्यांना’ पक्षी खरंच फसतात का?

उत्तर: फसतात म्हणा किंवा बिचकतात म्हणा, जीव वाचतो हे नक्की. युरोपात पीकॉक नावाचं फुलपाखरू असतं. पंख मिटून बसलं की ते करपलेल्या पानासारखं काळपट दिसतं. पक्षी अगदी जवळ आला की फाडकन पंख उघडतं: तांबूस पंखांवर चार मोठे डोळे! वर पंख घासून फिस्स असा आवाजही काढतं. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही फुलपाखरांचे हे डोळे रंगवून झाकले आणि फुलपाखरं ब्लू टिट पक्ष्यांसमोर ठेवली. डोळे झाकलेल्या 20 पैकी 13 फुलपाखरं मारली गेली. डोळे शाबूत असलेल्या 34 पैकी फक्त एक. आवाज बंद केल्यानं मात्र फारसा फरक पडला नाही.

आता पक्ष्याला तिथे शत्रूचे डोळे दिसतात की नुसता भडकपणा, यावर अभ्यासकांची जुंपलेली आहे. माझा कल दुसऱ्या बाजूला. कागदाचे खोटे पतंगकिडे करून केलेल्या प्रयोगांत डोळ्यांसारख्या गोलांऐवजी ठळक पट्टे काढले तरी पक्षी तितकेच टाळतात.

प्रश्न: दचकवणं इतकं चालतं, तर लपायचं कशाला?

उत्तर: कारण ही युक्ती नवी असेपर्यंतच चालते. तोच पक्षी चार वेळा दचकला की पाचव्यांदा सरळ चोच मारतो. म्हणून कॅटोकाला पतंग खोडाच्या सालीसारखे पुढचे पंख पांघरून दिवसभर गप्प बसतो. मागचे लाल किंवा पिवळे पंख दिसतात ते डिवचल्यावरच.

प्रश्न: आपला रंग भोवतालाशी जुळतोय, हे किड्याला कळतं का?

उत्तर: पेपर्ड मॉथ या पतंगाच्या अळीपुरतं बोलायचं तर ‘कळतं’ हा शब्द फार मोठा होईल, पण तिची कातडी रंग ओळखते. संशोधकांनी तिच्या डोळ्यांना काळा रंग फासला. तरी तिचा रंग फांदीप्रमाणे बदललाच, आणि बसायलाही तिनं जुळत्या रंगाचीच फांदी निवडली.